पिशवी भरेल म्हणून जेवण तोडू नका

वाचकाचं पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

माझ्या मिस्टरांचं (वय ५४) मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठीचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. पोटावर उजव्या बाजूला छोट्या आतड्याची पिशवी लावली आहे. ती काही महिन्यांनी काढणार आहेत. घरी सोडताना एक इंग्रजी कागद दिला, त्यातलं 'लो रेसिड्यू डाएट' एवढंच मला समजलं. सासूबाई म्हणतात, आतड्याला आराम हवा, म्हणून दोन्ही वेळा भाताची पेज देतात. भात मात्र देऊ देत नाहीत, टाक्यांत पू धरतो म्हणून. नणंद दादरहून मोडाचे मूग आणि बीटाचा रस घेऊन येते. शेजारचे काका रोज नारळपाणी आणून देतात. ह्यांना दहा वर्षांपासून बीपी आहे, गोळी चालू आहे आणि जेवण अळणी आहे. पाणी मात्र मी आठवणीने पाजते, दिवसाला तीन-चार लिटर.

तरी वजन ६६ चं ५८ झालंय. उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, लघवीही कमी आणि गडद होते. पिशवीत मात्र पाण्यासारखं पडतच असतं. आम्ही चाळीत राहतो, संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री जावं लागू नये म्हणून हे दुपारनंतर काही खातच नाहीत. सगळ्यांचं जेवण झालं की एकटे बसतात. परवा म्हणाले, गणपतीला एक मोदक तरी खायला मिळेल का. मी काय करू?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

भांडुपच्या ताई,

खाण्यापिण्याचं नंतर बोलू. हे वाचून झाल्या झाल्या आधी सर्जनच्या युनिटला फोन करा. फोन लागला नाही तर त्यांना घेऊन थेट रुग्णालयात जा. अंधारी, पोटऱ्यांतले गोळे, कमी आणि गडद लघवी, पिशवीत पाण्यासारखं पडणं, ही चारही लक्षणं एकच गोष्ट सांगताहेत: अंगातलं पाणी आणि मीठ निघून चाललंय. त्यात बीपीची गोळी चालू आहे. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं आणि शरीर असं सुकलेलं असताना काही गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो. गोळी तशीच ठेवायची, कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांना आजच विचारा. स्वतःहून बंद करू नका. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासायचं का, हेही विचारा. अशा वेळी हा फार साधा आणि फार महत्त्वाचा तपास असतो.

आता हे का होतंय ते सांगते. ते कळलं की घरातले निम्मे वाद आपोआप मिटतील.

लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून आपलं शरीर रोज सहा-सात लिटर द्रव आतड्यात सोडतं. बहुतेक सगळा छोट्या आतड्यातच परत शोषला जातो. उरलेला दीडेक लिटर मोठ्या आतड्यात जातो आणि ते त्यातलं पाणी आणि मीठ ओढून घेतं. तुमच्या मिस्टरांचं मोठं आतडं सध्या वाटेत नाही. छोट्या आतड्याचं तोंड थेट पोटावर आणलंय, म्हणजे ते शेवटचं पाणी-मीठ रोज पिशवीतून बाहेर पडतंय. सुरुवातीच्या आठवड्यांत ते जास्त असतं, मग आतडं हळूहळू सरावतं आणि पडणारं दाट होतं.

यावरून दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, उपाशी राहून पिशवी थांबत नाही. पोटात अन्न नसलं तरी हे रस सुटतच असतात, म्हणून उपाशीपोटी पिशवीत पातळ, पिवळं-हिरवं पाणी येतं आणि वर गॅसही जास्त होतो. दुसरी, नुसतं साधं पाणी जितकं जास्त पाजाल तितकं पडणंही वाढतं, आणि जाताना ते आतलं मीठ सोबत घेऊन जातं. तुम्ही मायेनं तीन-चार लिटर पाजताय आणि ते तहानलेलेच राहताहेत, त्याचं कारण हे.

म्हणून त्या पाण्यातलं लिटरभर आता ओआरएसचं असू द्या. केमिस्टकडे 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' असं स्पष्ट सांगून पावडरचं पाकीट मागा. एक पाकीट साधारण एका लिटरचं असतं, पण २०० मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा मागे लिहिलेलं वाचूनच पाणी घाला. अंदाजाने घालू नका. एकदा कालवलं की २४ तासांत संपवायचं, एका दमात न पिता घोट घोट. गार करून, दोन थेंब लिंबू पिळून दिलं तर चवीला बरं लागतं. पाकीट नसलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. छोट्या खोक्यात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं मात्र आणू नका. त्यांत साखर जास्त आणि मीठ कमी असतं, त्याने पडणं वाढतं. असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, ती योग्यच झाली. शीतपेयं आणि डब्यातले ज्यूस यांचंही तेच.

काकांचं नारळपाणी वाईट नाही, पण ते ओआरएसची जागा घेऊ शकत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, आणि तुमच्या मिस्टरांचं जातंय ते मुख्यतः सोडियम. डॉक्टर हो म्हणाले तर कधीतरी अर्धा पेला चालेल.

अळणी जेवणाचंही याच फोनमध्ये विचारून घ्या. बीपीसाठी दहा वर्षं मीठ कमी केलंत ते बरोबरच होतं, पण पिशवी असेपर्यंत हिशेब वेगळा आहे. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास नसेल तर अशा रुग्णांना बहुधा जेवणात नेहमीसारखं मीठ घालायला सांगतात, कधी जास्तच. डॉक्टर काय म्हणतात ते सासूबाईंच्या समोर, फोन स्पीकरवर ठेवून ऐका. मग तुम्हाला एकटीला वाद घालत बसावं लागणार नाही.

आणि एक मापाचा जग आणा. २४ तासांत पिशवीतून किती पडतं ते मोजून लिहा. सहाशे, आठशे मिली हे ठीक. दीड लिटरच्या वर गेलं तर वाट बघू नका, कळवा. पडणं दाट करायच्या गोळ्या असतात, जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या, पण त्या डॉक्टरांनी ठरवायच्या. इसबगोल स्वतःच्या मनाने देऊ नका.

आता पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. रात्री गॅलरीच्या टोकाला जावं लागू नये म्हणून ते दुपारनंतर उपाशी राहतात. ताई, इथे अडचण पोटाची नाही, संडासाची आहे, आणि तिचा उपाय जेवण तोडून होणार नाही. घट्ट झाकणाची एक छोटी बादली फक्त या कामासाठी ठेवा. तळाशी थोडं पाणी घाला. पलंगाशेजारी पडदा किंवा जुनी साडी आडवी बांधा, एक स्टूल ठेवा, हाताशी टिश्यू आणि पाण्याची बाटली. रात्री तिथेच पिशवी रिकामी करायची, सकाळी एकदाच नेऊन ओतायची. एक तृतीयांश भरली की रिकामी करायची सवय लागली तर ओझ्याने पिशवी सुटण्याची भीतीही कमी होते. नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही, वास येतो तो रिकामी करतानाच. हे त्यांना माहीत असेलही, पण घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. मुख्य जेवण दुपारी ठेवा, रात्रीचं सातच्या सुमारास थोडं आणि दाट: मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं. त्याने रात्री पिशवी कमी वेळा भरते. आणि त्यांचं ताट सगळ्यांबरोबर वाढा. एकटा बसलेला माणूस दोन घासांत उठतो.

भाताने पू धरत नाही. बटाट्याने नाही आणि आंबटानेही नाही. पू होतो तो जखमेत जंतू गेल्यावर. टाके लाल दिसले, गरम लागले, दुखू लागले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवायचं, भात बंद करायचा नाही. उलट पिशवीवाल्यांसाठी भात हे फार चांगलं अन्न आहे, पडणं दाट करतं. आतड्याला आराम द्यायचा हा समजही आता मागे पडलाय. अशा ऑपरेशननंतर बऱ्याच रुग्णालयांत दुसऱ्याच दिवसापासून, कधी त्याच संध्याकाळी तोंडाने द्यायला सुरुवात करतात. आतड्याचा जोड भरून यायला प्रथिनं लागतात, आणि पेजेच्या वाटीत ती जेमतेम गुंजभर. त्यांचं आठ किलो वजन उतरलंय, त्यात स्नायूही गेलेत. सासूबाई जीव लावून करताहेत यात शंका नाही. त्यांना पेज बंद करा म्हणू नका. त्याच पेजेत दोन चमचे दुधाची पावडर किंवा घोटलेलं मुगाचं वरण आणि चमचाभर तूप घालायला सांगा.

५८ किलोच्या माणसाला या दिवसांत रोज साधारण ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत, मूत्रपिंडाचा तपास ठीक आला की. ऐकायला खूप वाटतं, पण दिवसभरात पाच-सहा वेळा थोडं थोडं दिलं की जमतं. एका अंड्यात सहा ग्रॅम. तळहाताएवढ्या माशाच्या तुकडीत किंवा शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस. घट्ट वरणाच्या वाटीत सहाच्या आसपास, दह्याच्या वाटीत चार-पाच. पापलेट, रावस, ताजे बोंबील असे मऊ मासे काटे नीट काढून, वाफवून किंवा कमी तिखटाच्या कालवणात द्या. श्रावण पाळत असाल तर पनीर, दही, वरण आणि दुधाच्या पावडरवर भर द्या. पण अंडं खायचं की नाही हे आजारी माणसाला विचारून ठरवा, त्यांच्या वतीने नको. दुधाने पोट फुगलं तर काही दिवस दूध थांबवून दह्या-ताकावर या.

त्या इंग्रजी कागदाचा अर्थ एवढाच की चोथा कमी ठेवा. ऑपरेशनमुळे आतडं सुजलेलं असतं आणि पोटावर आणलेलं तोंड अरुंद असतं, त्यात चोथ्याचा बोळा अडकू नये. हे पथ्य सहा ते आठ आठवड्यांचं आहे, जन्माचं नव्हे. म्हणून सध्या नेहमीचा सल्ला उलटा करायचा. एरवी मी कुणालाही मैद्याचा पाव खा म्हणणार नाही, पण तुमच्या मिस्टरांना भाजलेला लादीपाव चालेल आणि मल्टीग्रेन ब्रेड चालणार नाही. मऊ भात, इडली, रव्याची खीर, चाळलेल्या पिठाची मऊ पोळी वरणात कुस्करून. सालाशिवाय मुगाची डाळ. दुधी, लाल भोपळा, पडवळ, गाजर: सालं-बिया काढून, बोटाने दाबलं की मोडेल इतकं शिजवून. पिकलेलं केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद. नाचणीची भाकरी नको, पण गाळून काढलेल्या नाचणी सत्त्वाची खीर देता येईल. उपवासाच्या साबुदाण्याची खीर उत्तम, खिचडी नको, कारण दाण्याचं कूट.

नणंदबाईंचे मोडाचे मूग सध्या नाहीत. सालं आणि मोड दोन्ही अडकतात, गॅस होतो तो वेगळाच. बीटाच्या रसाने रक्त वाढत नाही, पिशवीतलं पडणं मात्र लाल होतं आणि सगळ्या घराला रक्त पडल्याचा धसका बसतो. रक्त कमी असेल तर तपासून डॉक्टर औषध देतील. नणंदबाईंना काही आणायचंच असेल तर ताजं पनीर आणि केळी सांगा. त्यांच्या येण्याचाही मान राहील.

पिशवी आहे तोवर ज्यांच्याशी खेळू नये अशा काही गोष्टी: मका, ओलं-सुकं खोबरं, शेंगदाणे, शेवग्याच्या शेंगा, फणस, अळंबी, अननस, संत्र्याची सालपटं, अंजीर, मनुका, कच्ची कोशिंबीर. पावसात गाडीवरचं भाजलेलं कणीस बघून मोह होतो, मुंबईत तर पावलापावलावर. पण मक्याचे दाणे जसेच्या तसे पोटावरच्या तोंडाशी येऊन अडकतात. ते नाहीच. बाहेरचं पाणी आणि चटण्याही या पावसाळ्यात नकोत, साधे जुलाबही त्यांना महागात पडतील.

सगळं मिक्सरमधून काढून देऊ नका. महिनाभर लापशी खाऊन माणसाचं अन्नावरून मन उडतं. घास तोंडात पार बारीक होईपर्यंत चावायचा, एवढं जमलं तर मऊ शिजवलेलं बहुतेक सगळं तसंच वाढता येतं. कवळी सैल झाली असेल तर तीही बघा. वजन उतरलं की हिरड्याही आत जातात आणि माणूस न चावता गिळू लागतो. हे घरच्यांच्या लक्षातच येत नाही.

मोदक मिळेल. तांदळाची उकड त्यांना अगदी चालण्यासारखी आहे, अडचण आहे ती आतल्या खोबऱ्याची. त्यांच्यापुरते दोन-तीन मोदक वेगळे करा. सारणात खवा, थोडा भाजलेला बारीक रवा, वेलची आणि गूळ अगदी बेताने, कारण गोड जास्त झालं की पडणं वाढतं. वर तुपाची धार एखादा चमचा. मुरड घालताना त्या मोदकांना केशराची काडी लावा म्हणजे मिसळणार नाहीत. नैवेद्याच्या पानातला खोबऱ्याचा मोदक 'एकाने काय होतंय' म्हणून पुढे करणारं कुणी ना कुणी असेलच, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टर हो म्हणाले की एकेक पदार्थ परत आणा. एका वेळी एकच नवा, दोन-तीन चमचे, भरपूर चावून, आणि मग दोन-तीन दिवस थांबून बघायचं. वहीत लिहायचं. नाही मानवलं तर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एकदा. एकदा त्रास झाला म्हणून पदार्थ कायमचा टाकला, असं करत गेलात तर वर्षभराने ताटात फक्त भात उरेल. केमोथेरपी सुरू होणार असेल तर ती चालू असताना नवे प्रयोग नकोत, त्यात जुलाब होऊ शकतात. पिशवी काढल्यावरही पहिले काही महिने वारंवार, घाईची मोशन होते, तेव्हा याच मऊ आहाराकडे पुन्हा यावं लागतं. हे आत्ताच माहीत असलेलं बरं, नाहीतर ऑपरेशन फसलं असं वाटून माणूस खचतो.

पाच-सहा तास पिशवीत काहीच पडलं नाही, पोट फुगलं, कळा येऊ लागल्या, उलटी झाली, तर खाणं थांबवून लगेच रुग्णालय गाठा. जुलाबाचं औषध, एरंडेल, काढा काहीही देऊ नका.

ऑपरेशन जिथे झालं तिथे स्टोमाच्या (म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) नर्स आहेत का, विचारा. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. पिशवी कशी बसवायची, कातडी लाल झाली तर काय लावायचं, यापासून खाण्यापर्यंत सगळं या नर्स हाताने करून दाखवतात, आणि शक्यतो मराठीत समजावतात. पिशवी लावलेल्या माणसांची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटनाही मुंबईतच आहे. पिशवी घेऊन लोकलने कामावर जाणाऱ्या एखाद्याशी तुमच्या मिस्टरांची भेट झाली, तर माझ्या चार पानी पत्रापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल. जाताना मापाची नोंद, गोळ्यांची पाकिटं आणि तो इंग्रजी कागद सोबत न्या, आणि त्यातलं न समजलेलं प्रत्येक वाक्य तिथेच विचारून घ्या.